पेट्रोलचा काटा

मराठीत ‘काटा’ या शब्दाइतका कष्टाळू शब्द क्वचितच सापडेल. पायात मोडतो तो काटा, घड्याळात फिरतो तो काटा, वाण्याच्या तराजूवर डोलतो तोही काटाच. भीतीने अंगावर उभा राहतो तो आणखी निराळा. यांपैकी बाभळीच्या काट्याबद्दल कुणी तक्रार करीत नाही. बोचणे हा त्याचा धर्मच आहे. पण मोजणाऱ्या काट्याने आपला धर्म सोडला, की भाषेलासुद्धा राग येतो आणि ती ‘काटा मारणे’ असा वाक्प्रचार तयार करते. आमच्या सातारा जिल्ह्यात उसाच्या हंगामात ‘काटामारी’ हा शब्द ज्या संतापाने उच्चारला जातो, तो ऐकला म्हणजे माणसाचा मोजमापावर किती जीव असतो ते कळते.

या यादीत मला आणखी एका काट्याची भर घालायची आहे. मोटारीत चालवणाऱ्याच्या समोर, ‘ई’ आणि ‘एफ’ या दोन अक्षरांमध्ये येरझारा घालणारा पेट्रोलचा काटा. मध्यमवर्गीयाच्या गाडीत तो ‘एफ’पर्यंत सहसा जात नाही. ‘फुल करू का?’ या पंपावरच्या प्रश्नाला आपले उत्तर ठरलेले असते. पाचशेचे किंवा हजाराचे पेट्रोल टाकून आपण बाहेर पडतो आणि महिन्यातले बरेच दिवस काटा पाव आणि अर्ध्याच्या मध्ये, आपल्या बँकेतल्या शिलकेसारखाच, अंग चोरून उभा असतो.

तसे पाहिले तर आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण या काट्यावाचून गेले. आमच्या घरी स्कूटर होती. तिला काटा नव्हता, एक तोटी होती. गाडी आचके देऊ लागली, की वडील चालता चालता हात खाली घालून तोटी ‘रिझर्व्ह’वर फिरवीत आणि मागे बसलेल्या आईला सांगत, ‘‘लागली.’’ तेवढ्या एका शब्दात सगळे आले. रिझर्व्हही संपले, तर स्कूटर एका अंगावर आडवी करायची, क्षणभर थांबायचे, पुन्हा उभी करून किक मारायची. तळाशी राहिलेल्या चार थेंबांवर ती माउली पंपापर्यंत नेऊन पोचवी. आणि हे काही केवळ आपल्याच नशिबी होते असे नाही. अमेरिकेत फोर्डची ‘मॉडेल टी’ लाखांनी खपली, पण तिला पेट्रोलचा काटा नव्हता. टाकी पुढच्या आसनाखाली असे आणि मालक आसन उचलून आत काठी बुडवून पाही. जर्मनीतल्या ‘बीटल’लासुद्धा १९६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काटा नव्हता, आपल्या स्कूटरसारखीच रिझर्व्हची तोटी होती. त्या काळच्या माणसांना टाकीतले पेट्रोल दिसत नव्हते, म्हणून त्यांना ते आठवणीत ठेवावे लागे. काटा आला आणि आठवणीचे काम त्याने आपल्याकडे घेतले. दुसऱ्याने काम घेतले की आपण ते सोडून देतो, हा तर जगाचाच रिवाज आहे.

एवढे सांगायचे कारण, गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात या काट्यावरून एक खटला उभा राहिला. आरोपी होते आमचे अण्णा.

अण्णांचे वय अठ्ठ्याहत्तर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन ते आणि आई वाईला राहतात. आईची मूत्रपिंडे दोन वर्षांपासून थकली आहेत. डायलिसिससाठी तिला साताऱ्याला न्यावे लागते. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. अण्णा स्वतःच नेतात. गाडी जुनी आहे, पण तीही अण्णांसारखीच, वेळेवर निघते आणि वेळेवर पोचते. ऑगस्टातल्या एका शनिवारी मात्र साताऱ्याहून परतताना लिंब फाट्याजवळ गाडी आचके देऊन थांबली. भर हमरस्ता, संध्याकाळ, वरून पावसाची रिपरिप आणि आत डायलिसिस करून गळून गेलेली आई. पाऊण तास ती दोघे रस्त्याच्या कडेला होती. शेवटी मोटारसायकलवरच्या दोन पोरांनी स्वतःच्या टाकीतले पेट्रोल बाटलीभर काढून दिले आणि पैसे घ्यायला नकार दिला.

त्या रात्री हैद्राबादहून दादाचा फोन आला. ‘‘अण्णा पेट्रोल भरायला विसरतात, उद्या ब्रेक दाबायला विसरतील. गाडी विकून टाक. आईसाठी रोजची भाड्याची गाडी ठरव. पैसे मी पाठवतो.’’

दादाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी विसर पडतो, हे कुणीही कबूल करील. पण अण्णांच्या हातातली किल्ली काढून घेणे म्हणजे नुसती गाडी काढून घेणे नव्हे, हे मला दिसत होते. बायकोला आठवड्यातून दोनदा जगवून आणणारा माणूस आणि दुसऱ्याच्या गाडीत मागे बसून जाणारा म्हातारा, या दोघांत फार अंतर आहे. अण्णा स्वतः काही बोलेनात. एकदाच म्हणाले, ‘‘काटा पाव टाकी दाखवत होता.’’ पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

म्हणजे प्रश्न सरळ होता. विसरले कोण, अण्णा की काटा? पुढल्या आठवड्यात मी रजा टाकून वाईला गेलो आणि गाडी मिस्त्रीकडे घेऊन गेलो. मी मराठीचा प्राध्यापक. गाडीच्या पोटात काय असते, यापेक्षा क्रियापदाच्या पोटात काय असते ते मला अधिक ठाऊक. पण त्या दुपारी मिस्त्रीने मला जे शिकवले, ते कोणत्याही व्याकरणाइतके शिस्तशीर होते.

‘‘सर, काट्याला नावं ठेवू नका,’’ तो म्हणाला. ‘‘काटा म्हणजे पोस्टमन. टाकीतनं चिठ्ठी येती, ती तो वाचून दाखवतो. चिठ्ठीच खोटी असली तर त्यानं काय करायचं?’’

चिठ्ठी लिहिणारा असतो टाकीच्या आत. पेट्रोलवर एक लहानसा फ्लोट तरंगत असतो. त्याला जोडलेली तारेची दांडी पातळीबरोबर वरखाली होते आणि दांडीचे दुसरे टोक विजेच्या एका पट्टीवर घासत सरकते. पट्टीवर ते जिथे टेकेल त्यावर विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो आणि तेवढ्यावरून समोरचा काटा हलतो. काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो; नाहीतर गाडी वळताना पेट्रोल हिंदकळले की तोही नाचला असता. म्हणून किल्ली फिरवल्यावर त्याला थोडी उसंत द्यावी आणि घाटात तर त्याच्याकडे पाहूच नये.

मिस्त्रीने चौकशी पोस्टमनापासून सुरू केली. प्रथम पाहिले ते इंजिनाच्या उष्णतेचा काटा ठीक आहे का. जुन्या गाड्यांत पुष्कळदा दोन्ही काट्यांना वीज एकाच ठिकाणाहून येते. दोन्ही वेडेवाकडे वागले तर दोष तिथे शोधावा. आमचा उष्णतेचा काटा शहाणा होता. मग फ्यूज पाहिला. नंतर मागचे आसन उचलून टाकीवरची वायर सोडवली. किल्ली फिरवताच काटा ‘ई’वर गेला. तीच वायर त्याने क्षणभर गाडीच्या पत्र्याला टेकवली, तर काटा ‘एफ’कडे चढू लागला. लगेच वायर काढून घेतली. फार वेळ धरली तर काटा जळायचा. काही गाड्यांत ही दोन टोके उलटी असतात, पण काटा दोन्ही टोकांना जातो की नाही, एवढेच पाहायचे. जात असेल तर काटा निर्दोष, वायरही निर्दोष. दोष टाकीत, किंवा टाकीच्या अर्थिंगमध्ये. अर्थिंगची जोडणी गंजली तरी अडथळा वाढतो आणि काटा खोटे सांगतो. ती मल्टिमीटरने तपासली, चांगली निघाली. उरला एकच आरोपी.

टाकी उघडायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीचा नूर बदलला. गाडी मोकळ्या अंगणात ढकलली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, कोपऱ्यात विडी ओढणाऱ्या पोराला हाकलून दिले आणि टाकीतले पेट्रोल काढून घेतले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती उडून जात नाही, जमिनीलगत दबा धरून बसते. हे काम घरी हौसेने करण्याचे नव्हे, हे मला पटले.

युनिट बाहेर आले. फ्लोट त्याने कानाशी धरून हलवला. जुन्या पितळी फ्लोटला बारीक छिद्र पडले तर आत पेट्रोल शिरते, तो बुडतो आणि काटा सदा कमीच दाखवतो. आमचा कोरडा होता. मग त्याने दांडी वरून खाली आणली. ती सरळ आली, आली आणि पाव टाकीच्या जागी थांबली. खालून हात काढला तरी दांडी तिथेच, अधांतरी! बोटाने टिचकी मारली तेव्हा धप्पकन खाली पडली. बिजागरीत गंज आणि चिकट राळ साचली होती.

‘‘गाडी पुष्कळ दिवस उभी होती का हो?’’ मिस्त्रीने विचारले. होती. २०२०च्या टाळेबंदीत कित्येक महिने ती दारातून हललीच नव्हती. उभ्या गाडीत पेट्रोल शिळे होते आणि मागे चिकटा ठेवून जाते, असे तो म्हणाला. पेट्रोलच चिठ्ठी बिघडवू शकते, याचा एक मोठा दाखला मी नंतर वाचला. २००४ साली अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियानाच्या काही भागांत विकल्या गेलेल्या पेट्रोलमध्ये गंधक राहिले होते. त्याने टाकीतल्या युनिटचे चांदीचे संपर्क खाल्ले आणि टाकी रिकामी असताना काटे ‘भरली आहे’ असे सांगू लागले. तिथेही कितीतरी वृद्धांच्या घरी कितीतरी दादांचे फोन आले असतील!

नवे युनिट बसले. मी खूश झालो. दादाला सांगायला खटल्याचा निकाल हाती आला होता. पण अण्णा म्हणाले, ‘‘आता पंपावर चल. याचा तक्ता करू.’’

हा तक्ता म्हणजे काय, ते कळायला अण्णांची नोकरी ठाऊक हवी. धोम धरणावर त्यांनी अनेक वर्षे पाण्याची पातळी वाचली. साडेतेरा टीएमसीचे ते धरण. भिंतीवरची पट्टी पाण्याची उंची सांगते, साठा सांगत नाही. दरी तळाशी अरुंद आणि वर पसरट. म्हणून तळातल्या एका मीटरात पाणी थोडे, माथ्यातल्या एका मीटरात कितीतरी पट अधिक. पट्टीवरून साठा काढायचा तर धरणाचा क्षमता-तक्ता लागतो. ‘‘टाकी म्हणजे लहान धरणच,’’ अण्णा म्हणाले. ‘‘तिचे कोपरे वाकडेतिकडे. काटा अर्ध्यावर आला म्हणजे पेट्रोल अर्धं उरलं, असं कुणी सांगितलं?’’ आणि ‘ई’च्या खाली जे थोडे उरते, ते धरणाच्या भाषेत मृतसाठा. ते आहे हे माहीत असावे, पण हिशेबात धरू नये.

टाकीत दोन लिटर ठेवून आम्ही पंपावर गेलो. दुपारची सुस्त वेळ होती. ‘‘काका, फुल?’’ पोराने विचारले. ‘‘पाच,’’ अण्णा म्हणाले. पाच लिटर पडले. किल्ली फिरवून काटा स्थिर होईपर्यंत अण्णा थांबले आणि पुन्हा म्हणाले, ‘‘पाच.’’ असे सहा वेळा झाले. तिसऱ्या खेपेला पोराने माझ्याकडे दयेने पाहिले, पाचव्या खेपेला तो स्वतःच काच्यातून काटा वाचू लागला. सात लिटरला काटा ‘ई’च्या जरासा वर, बारा लिटरला पाव, सतराला अर्ध्याच्या किंचित अलीकडे, बत्तिसाला थेट ‘एफ’. त्यानंतर आणखी तीन लिटर मावले, पण काटा जागचा हलला नाही. टाकी भरल्यावर पहिले काही किलोमीटर काटा का हलत नाही आणि आपण गाडीच्या ॲव्हरेजवर उगीच का खूश होतो, त्याचे उत्तर मला त्या तीन लिटरांत मिळाले.

‘‘कप्प्यात वही आहे, त्यात लिही,’’ अण्णा म्हणाले.

ती वही मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणजे तिचे पूर्वज. तारीख, किलोमीटर, किती लिटर, टाकीत शिल्लक किती. स्कूटरच्या काळापासून एकही भरणा तिच्यातून सुटलेला नाही. मी शेवटचे पान उघडले. शेवटची नोंद गाडी बंद पडली त्याच्या तीन आठवडे आधीच्या सोमवारची होती. शिल्लक चौदा लिटर. त्यानंतर पान कोरे.

दादा असता तर म्हणाला असता, ‘‘बघ!’’ मीही क्षणभर गप्प झालो. पण वहीखाली पावत्यांचा गठ्ठा होता. पंपाच्या तीन पावत्या, तीनही सोमवारच्या, दहा-दहा लिटरच्या. म्हणजे भरणे चुकले नव्हते. आणि त्यांखाली इस्पितळाच्या पावत्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार. मंगळवार, गुरुवार, शनिवार. डायलिसिस आठवड्यातून दोनदाचे तीनदा झाले होते, आणि ते नेमके नोंदी थांबल्या त्या आठवड्यापासून.

मी तिथेच, पंपावर, वहीच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. गाडी लिटरला चौदा किलोमीटर जाते. साताऱ्याची एक खेप म्हणजे पाच लिटर. दोन खेपांना दहा, म्हणून अण्णा दर सोमवारी दहा भरीत. खेपा तीन झाल्या, खर्च पंधरा झाला, भरणा दहाच राहिला. चौदाची शिल्लक पहिल्या आठवड्याअखेर नऊ झाली, दुसऱ्या आठवड्याअखेर चार. तिसऱ्या सोमवारी दहा पडून चौदा झाले; मंगळवार गेला, गुरुवार गेला; शनिवारी निघताना टाकीत चारच लिटर होते, त्यातून थोडे गावातल्या औषधाच्या फेऱ्यांत गेलेले. तेवढ्यात सातारा येतो आणि परतीचा लिंब फाटा येतो. आणि या सगळ्या काळात काटा मात्र पाव टाकीवर हटून बसला होता.

‘‘वही का थांबवली?’’ मी विचारले.

अण्णा रस्त्याकडे पाहत म्हणाले, ‘‘रात्री झोप लागत नाही तिला. पाय दाबत बसतो. सकाळी साडेसहाला निघायचं. लिहायला बसलं की डोळा लागायचा.’’

‘‘आणि तीनदा झालं हे आम्हांला कुणी का सांगितलं नाही?’’

‘‘तुझ्या परीक्षा चालू होत्या. आणि दादाला तिथून काय सांगायचं?’’

मी रात्री दादाला फोन केला. बिजागरीची हकीगत त्याने ऐकून घेतली. पावत्यांचे वार मी वाचून दाखवले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘तीनदा? मला दोनदाच माहीत होतं.’’ मलाही दोनदाच माहीत होते. त्या फोनमध्ये गाडी विकण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. गुरुवारसाठी गावातलाच एक ड्रायव्हर ठरला, त्याचे पैसे दादा देतो. शनिवारची खेप माझी. शुक्रवारी रात्री मी पुण्याहून वाईला येतो. मंगळवार अण्णांचा. तो त्यांच्याकडून मागण्याची आमची छाती नाही आणि तूर्त गरजही नाही. डोळे तपासून घेतले आहेत. अंधारात गाडी चालवायची नाही, हे त्यांनी आपणहून ठरवले.

मोजमापाचा विषय निघालाच आहे, तर एक प्रसंग सांगतो. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. त्याचे इंधनाचे काटे बंद होते, म्हणून टाकीतले इंधन हाताने मोजून आकडेमोड करण्यात आली. हवे होते २२,३०० किलो; पण किलोच्या जागी पौंडांचा गुणक धरला गेला आणि निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडाले. सुमारे ४१,००० फुटांवर इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते प्रचंड धूड घारीसारखे तरंगत आणून गिमली येथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवले. आतली एकूणसत्तर माणसे वाचली. काट्यावर विसंबणारे फसतात, तसे कागदावर विसंबणारेही फसतात. काटा आणि कागद दोन्ही असावेत आणि त्यांचे एकमेकांशी जुळते का, हे पाहणारे कुणीतरी असावे.

आजच्या गाड्या तर पुढे किती किलोमीटर जाता येईल तेही आकड्यात सांगतात. पण तो आकडा मागच्या काही किलोमीटरांच्या खर्चावर बेतलेला असतो. खंबाटकी उतरताना तो वाढतो आणि पुण्याच्या गर्दीत शिरलात की घसरतो. तेव्हा वाचकहो, गाडी नवी असो की जुनी, पाव टाकीलाच ‘ई’ समजावे. आपला काटा एकदा पाच-पाच लिटर भरून पारखून घ्यावा. तो एकाच जागी फार दिवस समाधानाने उभा दिसला, तर संशय घ्यावा. आणि घरातली वडील माणसे फोनवर दर वेळी ‘आमचं ठीक चाललंय’ असेच सांगू लागली, तर एखाद्या शनिवारी जाऊन कप्प्यातल्या पावत्या पाहून याव्यात.

अण्णांची वही पुन्हा सुरू झाली आहे. आता तिच्यात एक रकाना वाढला: ‘काटा काय म्हणतो’. शिल्लक आणि काटा शेजारी शेजारी. अक्षर मात्र अण्णांचे नाही. पंपावर गाडी थांबली की वही आईच्या मांडीवर जाते. सुया टोचून तिचा डावा हात दुखतो, पण लिहायचा उजवा आहे. परवाच्या नोंदीत तिने लिहिले आहे: ‘पंधरा लिटर. शिल्लक एकोणीस. काटा अर्ध्याच्या जरा वर. बरोबर आहे.’